फौजेतून कॉलेजात: माजी सैनिकांनी प्रवेशाची तयारी कोणत्या क्रमाने करायची

जून महिन्यात साताऱ्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रवेश खिडकीशी तासभर उभे राहा. पोरापोरींच्या रांगेत एखादा चाळिशीतला, केस अजून बारीक कापलेला माणूस दिसतोच. हातातल्या फोल्डरमध्ये डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, आर्मी ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट असं सगळं नीट लावलेलं असतं. खिडकीतून प्रश्न येतो, "मेजर, बारावीची मार्कशीट?" आणि तिथेच सगळं अडतं.

मीही असाच उभा होतो. दहावी करून भरती झालो, 17 वर्षांनी हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि सरळ एम.ए.चा फॉर्म भरला. कागदपत्रांच्या पडताळणीत माझं नाव कटलं आणि ते वर्ष हातचं गेलं. मग बारावीपासून सुरुवात करून बी.ए. पूर्ण केलं. आता कोरेगाव तालुक्यात निवृत्त होऊन येणाऱ्यांचे कागद मी बघून देतो. चुका त्याच त्या असतात आणि बहुतेकांचं मूळ एकच: आधी कोर्स ठरवतात, कागद नंतर शोधतात. क्रम बरोबर उलटा हवा.

## टप्पा 1: नाव आणि जन्मतारीख जुळवा

हे काम डिस्चार्जच्या आधी वर्ष-दीड वर्ष, युनिटमध्ये असतानाच काढा. युनिटच्या ऑफिसमधून पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या नोंदीतला बदल रेकॉर्डवर चढवणारा आदेश) निघते तेव्हा जे काम काही आठवड्यांत होतं, त्याच कामासाठी घरी आल्यावर रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत बसावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना निदान बेळगाव जवळ आहे. महार रेजिमेंटवाल्याला सागर आणि सिग्नलवाल्याला जबलपूर गाठायचं म्हणजे काय, ते त्यालाच विचारा.

पाच कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा: दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डिस्चार्ज बुक (अजून सेवेत असाल तर शीट रोलची, म्हणजे सेवापत्रकाची नोंद) आणि पीपीओ. प्रत्येकावरचं नाव अक्षर न अक्षर वहीत उतरवा. आपल्याकडे हमखास सापडणारे फरक असे:

- मार्कशीटवर आडनाव आधी आणि पूर्ण नाव. फौजेच्या कागदावर आडनावच नाही, नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव.
- आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त.
- वडिलांच्या नावापुढे कुठे "राव" आहे, कुठे नाही.
- आधारवर जन्माचं वर्ष अंदाजाने टाकलेलं.

पाया दहावीच्या मार्कशीटचा धरा, कारण पुढची प्रत्येक गुणपत्रिका आणि पदवी त्याच नावाने निघते. आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा. आधारवरचं नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून पुरावा हातात असल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं) क्रमांक, म्हणजे एबीसी आयडी, आधारवरूनच निघतो. दूरशिक्षणाला लागणारा डीईबी (यूजीसीचा दूरशिक्षण विभाग) आयडी त्या एबीसी आयडीवरून निघतो. आधार चुकलं की पुढचे सगळे चुकतात.

सावधान: आधारचं नाव बदलण्याआधी पीपीओ आणि स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवरचं नाव बघा. कॉलेजसाठी आधार बदललं आणि पेन्शनच्या नोंदीशी ते जुळेनासं झालं, तर वर्षाच्या हयातीच्या दाखल्याला अडचण येते. दोन्हीकडे बदल लागणार असेल तर आधी पेन्शनच्या बाजूचा अर्ज टाका.

फरक लहान असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालतं. आडनावच वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागवू नका. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. अर्ज ऑनलाइन आहे आणि तो कागद आयुष्यभर पुरतो. फौजेच्या नोंदीतली जन्मतारीख मात्र बदलून मिळेल अशी आशा धरू नका.

तपासा: पाचही कागदांवरचं नाव आणि तारीख जुळते का? जिथे जुळत नाही, तिथे दुरुस्तीचा कागद किंवा निदान अर्जाची पोच हातात आहे का?

## टप्पा 2: आपण नेमके कोणत्या पायरीवर आहोत ते ठरवा

सगळ्यात जास्त वर्षं इथे वाया जातात.

15 वर्षांची सेवा झालेल्या दहावी पास सैनिकाला मिळणारं ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट नोकरभरतीसाठी आहे. गट क च्या काही पदांना, जिथे पदवी मागतात पण तांत्रिक पात्रता लागत नाही, तिथे ते पदवीसमान धरलं जातं. विद्यापीठासाठी ती पदवी नव्हे. त्यावर एम.ए., एल.एल.बी., बी.एड., एम.बी.ए. यापैकी कशालाही प्रवेश मिळत नाही. एसीई-3, एसीई-2, एसीई-1 या फौजेतल्या शिक्षण परीक्षा, बढतीचे टप्पे. कॉलेजच्या खिडकीत ते बारावीच्या जागी उभे राहत नाहीत. हे ऐकायला कडू लागतं, मलाही लागलं होतं, पण जुलैत कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आता स्वतःला यातल्या एका ठिकाणी बसवा.

फक्त दहावी आहे. तुमची पुढची पायरी बारावी. टप्पा 3 वर जा.

सेवेत असताना बारावी केली आहे. कोणत्या मंडळाची, ते पाहा. राज्य मंडळ, सीबीएसई किंवा एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) असेल तर ठीक. पोस्टिंगच्या गावी कुणा एजंटने "दोन महिन्यांत बारावी" करून दिली असेल, तर मंडळाच्या मान्यतेची खात्री केल्याशिवाय एक रुपयाही फी भरू नका. प्रवेश देताना कॉलेज कदाचित काही बोलणार नाही. विद्यापीठाच्या पात्रता विभागात कागद गेला की तिथे अडतो, आणि तोवर पहिलं वर्ष होऊन गेलेलं असतं.

भरतीच्या आधी एफ.वाय. केलं होतं. जुना अभ्यासक्रम केव्हाच बंद झालेला असतो. थेट दुसऱ्या वर्षाला बसता येईल का, हे कॉलेजला लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बहुतेकांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, तशी मनाची तयारी ठेवा.

बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीतून पदवी घेतली आहे. ती पदवी खरी आहे, पण एल.एल.बी.ला ती चालत नाही. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार मूळ पात्रतेशिवाय थेट मुक्त विद्यापीठातून बारावी किंवा पदवी घेतलेल्याला विधी शाखेत प्रवेश नाही. वकिली करायची हा विचार डोक्यात असलेले फौजी बरेच भेटतात. त्यांनी ही अट आधी वाचावी.

अग्निवीर आहात. पहिल्या तुकडीची 4 वर्षं 2026 च्या अखेरीपासून पूर्ण होतात. दहावीवर भरती झालेल्यांसाठी एनआयओएसमार्फत बारावीची सोय आहे. इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) तीन वर्षांची कौशल्याधारित पदवीही आहे, जिच्यात निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. नोंदणी सेवेत असतानाच करा. आणि हे ध्यानात ठेवा की चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, त्यामुळे या लेखातल्या माजी सैनिकांच्या सवलती स्वतःला लागू धरू नका.

## टप्पा 3: बारावी

दोन सरळ रस्ते आहेत.

पहिला राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे खाजगीरीत्या परीक्षा. कला किंवा वाणिज्य शाखा घ्या. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद निवडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात जमा करायचे. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी फॉर्म पावसाळ्यातच भरून होतात. दिवाळीनंतर जाग येणाऱ्याचं वर्ष गेलं म्हणून समजा.

दुसरा रस्ता एनआयओएसचा. परीक्षा वर्षातून दोनदा, पाच विषय, आणि झेपतील तसे सुटे विषय देता येतात. नोंदणी पाच वर्षं चालते. रात्रपाळीची नोकरी करणाऱ्याला हा रस्ता सोयीचा. मराठी माध्यमात, गावच्या कॉलेजातल्या सरांच्या आधाराने शिकायचं असेल तर 17 नंबर बरा.

शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर घाबरू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तुमची नोंद कायम असते. अर्ज आणि प्रतिज्ञापत्र देऊन दुय्यम प्रत मिळते. मे महिन्यात शाळेचं ऑफिस बंद-चालू असतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच जाऊन या.

## टप्पा 4: कॉलेज की दूरशिक्षण

स्वतःला आधी एकच प्रश्न विचारा: आठवड्यातले किती तास खरोखर मोकळे आहेत? नियमित कॉलेजला 75 टक्के हजेरी लागते. बँकेच्या एटीएमवर किंवा कंपनीच्या गेटवर बारा तासांची ड्युटी करून सकाळच्या तासाला बसणारे मी पाहिले आहेत. दिवाळीपर्यंत टिकतात.

नियमित शिकायचं असेल तर साताऱ्यात एक गोष्ट नीट समजून घ्या. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज ही रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालयं आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत. त्याच शहरातलं लाल बहादूर शास्त्री कॉलेज, तसंच कराडची आणि सांगलीची बहुतेक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे आहेत. विद्यापीठ वेगळं म्हणजे पोर्टल वेगळं, पात्रता अर्ज वेगळा, परीक्षेचं वेळापत्रक वेगळं. मित्राचा फॉर्म बघून आपला भरू नका.

दूरशिक्षणाला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, इग्नू आणि शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र हे तीन पर्याय आपल्याकडचे लोक घेतात. इग्नूचे प्रवेश जुलै आणि जानेवारी असे दोन वेळा होतात, म्हणजे जुलै हुकला तरी वर्ष जात नाही. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा "घरबसल्या घेतलेली पदवी चालत नाही" असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. फक्त त्या विद्यापीठाला त्या विषयासाठी, त्या वर्षाची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः बघा.

एल.एल.बी. दूरशिक्षणाने होत नाही. तीन वर्षांच्या एल.एल.बी.ला कोणतीही पदवी, खुल्या गटासाठी 45 टक्के गुण आणि राज्याची सीईटी लागते. वयाची वरची अट नाही. सीईटीचे अर्ज प्रवेशाच्या किती तरी आधी निघतात, जूनमध्ये चौकशीला गेलात तर उशीर झालेला असतो.

सावधान: "फौजी कोट्यातून सीट देतो" म्हणणाऱ्या माणसाला पैसे देऊ नका. राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशातल्या 5 टक्के संरक्षण जागा सैनिकांच्या मुलांसाठी आहेत. तुमच्या स्वतःच्या प्रवेशाला काही सवलत असेल तर ती त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते.

## टप्पा 5: पैसा आणि सवलती

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेचं नाव सगळे घेतात. ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी आहे, मुलांना महिना 2,500 आणि मुलींना 3,000 रुपये. माजी सैनिकाला स्वतःच्या शिक्षणासाठी ती मिळत नाही. हवालदारापर्यंतच्या हुद्द्यातील सैनिकांच्या पत्नींना, पतीच्या पश्चात पदव्युत्तर शिक्षणासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची वेगळी मदत आहे. गावातल्या वीरपत्नींपर्यंत ही माहिती पोचत नाही, तुम्हाला कुणी ठाऊक असेल तर आज सांगा. दोन्हींचे अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे जातात. तिथली नोंदणी आणि ओळखपत्र डिस्चार्जनंतर पहिल्याच महिन्यात करून घ्या.

कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग विकून मिळणारी एकरकमी रक्कम) आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हातात आली की मोठ्या फीचे खाजगी कोर्स दार ठोठावतात. अनुदानित कॉलेजची किंवा मुक्त विद्यापीठाची फी पेन्शनमधून निघते. घराच्या स्लॅबचे पैसे फीत घालू नका.

दिव्यांगत्व असेल तर आणखी एक गोष्ट. सेवेतून सोडताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने लिहिलेली टक्केवारी पेन्शनसाठी असते. शिक्षणातल्या सवलतीसाठी नागरी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड लागतं. अर्ज ऑनलाइन करायचा आणि तपासणी जिल्हा रुग्णालयात. 40 टक्के किंवा जास्त असेल तर 2016 च्या कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत आणि वयात 5 वर्षांची सूट आहे. लिहायला अडचण असेल तर पेपरला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, पण अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्यावा लागतो.

## टप्पा 6: फाईल

एकाच फाईलमध्ये, याच क्रमाने: दहावी, बारावी, पदवी असल्यास ती, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, दुसऱ्या मंडळातून आला असाल तर मायग्रेशन (स्थलांतर) प्रमाणपत्र, आधार, अधिवास, जातीचे कागद लागू असतील तर ते, डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानांच्या प्रती, माजी सैनिक ओळखपत्र, नावाबद्दलचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र, आणि शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. खंडाचं कारण "भारतीय सैन्यातील सेवा" असं लिहा आणि डिस्चार्ज बुकाची प्रत सोबत जोडा, मग कुणी पुढे विचारत नाही.

मूळ कागद लॅमिनेट करू नका. काही वेळा मागच्या बाजूला शिक्का मारावा लागतो. सगळ्याचे स्कॅन फोनमध्ये आणि डिजिलॉकरमध्ये ठेवा.

तपासा: मोबाइल नंबर आधारशी जोडलेला आहे का? सेवेतला जुना नंबर बंद पडलेला असतो आणि ओटीपी त्याच नंबरवर जातो. अशा वेळी फॉर्मच्या शेवटच्या दिवशी काहीही करता येत नाही.

## टप्पा 7: हात आणि भाषा

प्रवेश मिळाला म्हणजे तयारी झाली असं वाटतं. खरी तयारी प्रवेशाच्या चार महिने आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू व्हायला हवी.

पहिलं, हात. 17 वर्षांत मी सही आणि रजा अर्ज सोडून फारसं काही हाताने लिहिलं नव्हतं. बारावीच्या सरावाला बसलो तेव्हा विसाव्या मिनिटाला अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली आणि अक्षर ओळीखाली उतरायला लागलं. पेपर दोन-तीन तासांचा असतो. पी.टी. वाढवतो तसंच लिखाण वाढवा: पहिल्या आठवड्यात रोज 15 मिनिटं, मग दर आठवड्याला 10 मिनिटं जास्त. एकरेघी वही, साधं बॉलपेन, समोर घड्याळ. बघून उतरवू नका. एक पान वाचा, पुस्तक मिटा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा.

दुसरं, भाषा. इतकी वर्षं हिंदीत बोलून आपली मराठी हिंदीच्या वळणाने जाते आणि ते आपल्याला कळतही नाही. माझ्या पहिल्या सराव निबंधात मी शिक्षणाला सगळीकडे "शिक्षा" लिहिलं होतं. बाईंनी तो शब्द लाल पेनने सात ठिकाणी गोल केला आणि शेजारी फक्त "दंड?" एवढंच लिहिलं. त्या दिवसापासून रोज मराठी वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचायचा आणि त्यातल्या पाच ओळी लिहून काढायच्या, हे मी वर्षभर केलं. तुमच्या घरात शाळेत जाणारं पोर असेल तर त्याला वही तपासायला द्या. बापाची वही तपासायला पोरांना आवडतं, आणि त्यांचाही अभ्यास होतो.

तिसरं, झोप. रात्री दचकून उठणं, गर्दीत जीव घाबरा होणं, एका जागी पाठ दाराकडे करून बसता न येणं, हे कुणाला होत असेल तर ते वर्गात जास्त जाणवतं. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. वर्गात दार दिसेल अशा बाकावर बसायची परवानगी सरांना मागा. ते नाही म्हणत नाहीत.

## टप्पा 8: पहिली सहामाही

कॉलेजात फॉल-इन (रांगेत हजेरी) नसतं. कुणी हुकूम देत नाही आणि कुणी आठवणही करत नाही. परीक्षा फॉर्मची तारीख नोटीस बोर्डावर आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन जाते. पहिल्याच आठवड्यात त्या ग्रुपमध्ये नाव घालून घ्या. पोरं "काका" म्हणतील, म्हणू द्या. नोट्स त्यांच्याकडूनच मिळतात. मास्तर वयाने लहान असले तरी सरच.

शेती असेल तर कॅलेंडर आजच काढा. हिवाळी परीक्षा ऑक्टोबरनंतर आणि उन्हाळी परीक्षा मार्चनंतर येतात. ऊसतोडीची टोळी नेमकी त्याच दिवसांत फडात येते, पाठोपाठ गावची यात्रा. तोड कोण बघणार, हे भावाशी किंवा वाटेकऱ्याशी सप्टेंबरमध्येच बोलून ठेवा.

हॉल तिकीट हातात येताच नाव, विषयांचे कोड आणि केंद्र तपासा. नावात चूक असेल तर परीक्षेच्या आधीच कॉलेजच्या परीक्षा विभागात अर्ज द्या, कारण तेच नाव गुणपत्रिकेवर उतरतं.

एखाद्या विषयात राहिलात तर बोर्डात नापास झाल्यासारखं घेऊ नका. एटीकेटीचा नियम लागू होत असेल तर पुढच्या सत्रात बसून राहिलेला विषय मागून देता येतो. गुण अपेक्षेपेक्षा फार कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा आणि मग पुनर्मूल्यांकनाचा विचार करा. दोन्हींची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून निकालाच्या दिवशीच पोर्टलवरची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा.